स्नोडेनच्या अंगावरचं पांघरूण

विमान अचानक खाली झेपावतं. नाकाशी बसलेल्या योसारियनचं डोकं छताला जाऊन चिकटतं आणि त्याच्या हेडसेटची पिन सॉकेटमधून निघते. काही क्षण सगळं शांत. त्याला वाटतं, आपण मेलो. मग कधीतरी त्याला पिन सापडते, तो ती परत खोचतो आणि कानात डॉब्ज रडत असतो. डॉब्ज हा को-पायलट. घाबरून त्यानेच कंट्रोल हिसकावून विमान खाली घातलंय. तो इंटरकॉमवर ओरडतोय की त्याला मदत करा. कुणाला? बॉम्बार्डियरला. योसारियन सांगतो की बॉम्बार्डियर मीच आहे आणि मी ठीक आहे. मग डॉब्ज म्हणतो, तर मग त्याला मदत करा ना.

'तो' म्हणजे स्नोडेन. विमानाच्या मागच्या भागात पडलेला पोरगेला गनर. इंटरकॉमवरच्या या सगळ्या गोंधळात त्याचा स्वतःचा आवाज कुठेच नाही.

जोसेफ हेलरची 'कॅच-22' मी पहिल्यांदा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला वाचली, तीही विनोदी कादंबरी म्हणून. तशी ती आहेच. वेडा असशील तर तुला उड्डाणातून सूट आहे, पण सूट मागितलीस म्हणजे तू शहाणा आहेस, म्हणून उडावंच लागेल: हा नियम आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर अटेंडन्सपासून प्लेसमेंटपर्यंत सगळ्याला लावून झाला होता. स्नोडेनचं प्रकरण तेव्हा वाचलं आणि पुढे गेले. पोटात ढवळलं एवढं आठवतं. गेल्या वर्षी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा विनोद तेच होते, पण आता असं दिसायला लागलं की या कादंबरीत एक माणूस एकाच पोराचं मरण सांगायला बसलाय आणि त्याला ते सांगता येत नाहीये.

ही गोष्ट प्रकरणं मोजत गेलं तर स्वच्छ दिसते. कादंबरीत 42 प्रकरणं. चौथ्या प्रकरणात, अजून स्नोडेन कोण हे वाचकाला ठाऊक नसताना, योसारियन सैनिकांच्या एका प्रबोधन वर्गात उभा राहून विचारतो की गेल्या सालचे स्नोडेन कुठे गेले. हा एका जुन्या फ्रेंच कवितेवरचा श्लेष आहे. फ्रान्स्वा व्हियाँच्या त्या कवितेत बर्फाबद्दल विचारलंय, आणि स्नोडेनच्या नावात इंग्रजी बर्फ दडलेलं आहे. कुणाला प्रश्न कळत नाही, तरी वरचे अधिकारी घाबरतात. असले प्रश्न उद्या कुठवर जातील सांगता येत नाही, म्हणून कर्नल कॉर्न नियम काढतो की ज्यांनी कधीच प्रश्न विचारले नाहीत त्यांनाच प्रश्न विचारायची परवानगी. आपण हसतो. हसण्याच्या नादात स्नोडेन कोण हे विचारायचं राहून जातं.

पाचव्या प्रकरणाच्या शेवटी डॉब्जचं रडणं येतं आणि स्नोडेन मागे मरत पडलाय एवढं एक वाक्य. बाविसाव्यात थोडं अधिक. चोविसाव्यात त्याचा दफनविधी आहे, पण तो आपण झाडावरून बघतो, कारण योसारियन नागडा होऊन फांदीवर बसलाय आणि मायलो त्याच्या शेजारी चढून चॉकलेटमध्ये बुडवलेला कापूस त्याला खाऊ घालायचा प्रयत्न करतोय. मायलो मायंडरबाइंडर हा मेस ऑफिसर. युद्धात त्याने स्वतःची आंतरराष्ट्रीय कंपनी काढलीय आणि इजिप्तचा सगळा कापूस विकत घेऊन तो अडकलाय. खाली खड्ड्यात शवपेटी उतरते आहे आणि वर सौदा चाललाय. मधेमधे अजून काही ओझरते उल्लेख. पूर्ण हकीकत येते ती थेट एक्केचाळिसाव्या प्रकरणात, म्हणजे शेवटच्या एक प्रकरण आधी.

या मांडणीला 'नॉन-लिनियर' म्हणायची पद्धत आहे, आणि आम्हा वेब-मालिका बघणाऱ्या पिढीला तो शब्द फार प्रिय. पण इथे तो पुरत नाही. नॉन-लिनियर गोष्टीत लेखक माहिती दडवून ठेवतो आणि योग्य वेळी काढून दाखवतो. इथे दडवणारा लेखक नाही. योसारियन प्रत्येक वेळी त्या विमानाच्या मागच्या भागापर्यंत येतो आणि माघारी वळतो. घरातली एखादी मोठी बाई एखाद्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगायला लागते आणि दर वेळी त्याच वळणावर येऊन 'चहा टाकते' म्हणून उठते, तसं. 2019 साली या कादंबरीवर सहा भागांची मालिका आली. तिने सगळे प्रसंग काळाच्या क्रमाने सरळ लावले. बघायला सोपी झाली, कलाकारही चांगले आहेत. पण स्नोडेनचा प्रसंग त्यात अनेक प्रसंगांपैकी एक झाला. माईक निकोल्सचा 1970 चा सिनेमा बऱ्याच बाबतींत विस्कळीत आहे, तरी त्याला हे कळलं होतं. तो त्या मागच्या भागात पुन्हा पुन्हा जातो आणि दर वेळी थोडं पुढचं दाखवतो.

आता ते एक्केचाळिसावं प्रकरण. योसारियन विमानाच्या अरुंद बोगद्यातून सरपटत मागे पोचतो. स्नोडेन जमिनीवर पडलाय. मांडीला फुटबॉलएवढी जखम. योसारियनला आधी ओकारी येते, मग तो कामाला लागतो. आणि काय सुंदर कामाला लागतो! कापड कापतो, रक्त थांबवतो, जखमेवर पावडर टाकतो, नीट घडी घालून पट्टी बांधतो. प्रथमोपचाराच्या पेटीत मॉर्फीन नाही. मायलोने ते कधीच विकून टाकलंय, त्या जागी कंपनीचं भलं ते देशाचं भलं अशा अर्थाची चिठ्ठी आहे. तरीही योसारियनचा हात आता स्थिर झालाय. आपल्याला जमतंय असं त्याला वाटायला लागलंय. स्नोडेन मात्र एकच सांगत राहतो, थंडी वाजतेय. दिवस उन्हाळ्याचे आहेत. योसारियन त्याला थोपटल्यासारखं काहीतरी बोलत राहतो. मग स्नोडेन हनुवटीने खुणावतो, आणि योसारियनला काखेपाशी, फ्लॅक जॅकेटच्या कडेला, एक विचित्र रंगाचा डाग दिसतो. तो जॅकेट उघडतो. खरी जखम तिथे आहे. गोळ्याचा तुकडा बरगड्यांतून आत शिरलाय आणि पोटातलं सगळं बाहेर येतं, दुपारी जेवताना खाल्लेल्या टोमॅटोसकट.

या पानांबद्दल बोलताना समीक्षक बहुतेक वेळा थेट त्या उघड्या पोटाकडे जातात, म्हणजे माणूस हा शेवटी मांस आहे वगैरे. हेलरनेही ते तिथे लिहून ठेवलंय. खरं सांगायचं तर मला ते वाक्य थोडं जास्तीचं वाटतं. मला भीती वाटते ती त्याच्या आधीच्या दोन पानांची, जिथे योसारियन चुकीची जखम अतिशय बरोबर बांधतोय. प्रत्येक पायरी मॅन्युअलप्रमाणे. प्रत्येक पायरीनंतर आत्मविश्वास वाढतोय. आणि पोरगा सांगतोय की थंडी वाजतेय, म्हणजे तो बिचारा अचूक बग रिपोर्ट देतोय, पण ऐकणाऱ्याकडे आधीच एक दिसणारा बग आहे आणि तो तोच सोडवत बसलाय. प्रॉडक्शन बंद पडल्यावर रात्री तीन वाजता लॉग चाळणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की आमच्याकडे सकाळी सर्व्हर परत चालू होतो.

हेलर स्वतः अमेरिकी हवाई दलात बॉम्बार्डियर होता. कॉर्सिका बेटावरच्या तळावरून त्याने बी-25 विमानांतून 60 मोहिमा केल्या. ऑगस्ट 1944 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्याँवर त्याचं विमान गेलं होतं. त्यात खरोखरच विमान झेपावलं, खरोखरच एका गनरच्या मांडीला जखम झाली आणि हेलरनेच ती बांधली. तो गनर वाचला. मांडीच्या जखमेखेरीज दुसरी जखम नव्हतीच.

हे कळल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. म्हणजे स्नोडेन असा कुणी नाही. हेलरने एक खरी, बरी झालेली जखम घेतली आणि तिच्या मागे दुसरी, न दिसणारी जखम लिहिली. युद्धानंतर 16 वर्षांनी, 1961 साली, पुस्तक आलं. बांधून झालेल्या पट्टीखाली अजून काहीतरी राहून गेलंय असं त्याला इतकी वर्षं वाटत राहिलं असेल का? तसं वाटलं असेल तर ते सांगायला स्नोडेनपेक्षा दुसरा मार्ग मला तरी सुचत नाही.

इथे माझी एक अडचण सांगते. हा लेख मराठीत लिहायला घेतला आणि पहिल्याच परिच्छेदात क्रियापद अडलं. स्नोडेन काय झाला? आपल्याकडे लढाईत गेलेल्या माणसासाठी शब्दांचा तुटवडा नाही. धारातीर्थी पडला. वीरगतीला प्राप्त झाला. शहीद झाला. हुतात्मा झाला. यातला एकही शब्द त्या विमानात जाऊ शकत नाही. धारातीर्थी पडायला तलवारीची धार लागते, समोर कुणीतरी लागतं. स्नोडेनच्या समोर कुणीच नव्हतं. हजारो फूट खालून कुणीतरी, त्याला न बघता, गोळा उडवला होता. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. स्नोडेनने काही दिलं नाही, त्याच्याकडून गेलं. हे शब्द खोटे आहेत असं मी म्हणत नाही. माझ्या आजोळच्या गावात वेशीपाशी एक वीरगळ आहे, तिला अजून शेंदूर लागतो, आणि त्या दगडावर धारातीर्थी हा शब्द शोभतो. पण 'कॅच-22' मधल्या पोराला तो शब्द घातला की फ्लॅक जॅकेट परत बंद केल्यासारखं होतं. शेवटी मी 'मेला' असंच लिहायचं ठरवलं.

अशी आवरणं कादंबरीत जागोजागी आहेत आणि त्यातली बरीच कागदाची आहेत. योसारियनच्या तंबूत एक मेलेला माणूस राहतो. त्याचं नाव मड. तो तळावर आला आणि हजेरीच्या रजिस्टरवर नाव चढायच्या आधीच त्याला ओर्व्हिएतोच्या मोहिमेवर पाठवलं, तिथे तो दोन तासांत मेला. आता अधिकृतरीत्या तो आलेलाच नाही, म्हणून तो गेला असंही लिहिता येत नाही. त्याचं सामान कॉटवर तसंच पडून राहतं. रेकॉर्ड इन्सर्ट झालाच नाही, मग डिलीट कसा करणार? शेवटी तंबूत नवीन आलेली पोरं ते सामान उचलून रानात फेकून देतात आणि प्रश्न मिटतो. उलट टोकाला डॉक डॅनीका. हा डॉक्टर उड्डाणभत्ता मिळावा म्हणून विमानात न बसता यादीत नाव घालून घेत असतो. ते विमान कोसळतं. डॉक किनाऱ्यावर सगळ्यांसमोर उभा आहे, पण यादीत नाव होतं म्हणून तो मेला. त्याच्या बायकोला कर्नलचं सांत्वनपत्र जातं. त्यात सौ., श्री., कुमारी, श्री. व सौ. असे सगळे मायने एकापुढे एक छापलेले आहेत, आणि तुमचा नवरा, मुलगा, वडील किंवा भाऊ मारला गेला, जखमी झाला किंवा बेपत्ता झाला म्हणून फार वाईट वाटतं, असा मजकूर आहे.

ते पत्र वाचून पहिल्या वेळी मी खूप हसले होते. दुसऱ्या वेळी नाही. कारण मधल्या काळात असं एक पत्र मी पाठवलं होतं. मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे कर्मचाऱ्यांना वाढदिवसाच्या आणि नोकरीला इतकी वर्षं पूर्ण झाल्याच्या शुभेच्छा आपोआप जात. रोज सकाळी नऊ वाजता चालणारा तो जॉब मी लिहिला होता. जे 'सक्रिय' आहेत त्यांची यादी घ्यायची, टेम्प्लेटमध्ये नाव घालायचं, पाठवायचं. आमच्या टीममधला एक मुलगा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, अपघातात गेला. त्याची नोंद बंद करायचे कागद कुठल्यातरी टेबलावर होते. अकराव्या दिवशी सगळ्या टीमला मेल आला की त्याला तीन वर्षं पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन, आणि शेवटी फुग्यांचं चित्र. सगळे म्हणाले की सिस्टिमची चूक आहे. मीही म्हणाले. एक ओळीची कंडिशन कमी होती, ती मी त्याच दिवशी टाकली. कोड रिव्ह्यूला कुणी प्रश्न विचारला नाही.

हा प्रसंग युद्धाशेजारी ठेवण्यासारखा नाही, मला कळतं. पण त्यानंतर कादंबरी वाचताना माझं लक्ष स्नोडेनवरून हलून दुसऱ्याच एका पोरावर गेलं. त्याचं नाव क्राफ्ट.

क्राफ्ट कादंबरीत जेमतेम आहे. पेनसिल्व्हेनियाचा हडकुळा, निरुपद्रवी पोरगा, लोकांना आपण आवडावं एवढीच त्याची इच्छा. फेराराच्या पुलावर बॉम्ब टाकायच्या मोहिमेत योसारियन पुढच्या विमानात असतो. पहिल्या फेरीत नेम नीट बसत नाही म्हणून तो बॉम्ब टाकत नाही. सहा विमानांना वळवून तो पुन्हा त्याच पुलावर नेतो. दुसऱ्या फेरीत खालच्या तोफा तयार असतात. पूल पडतो. क्राफ्टचं विमान जळत कोसळतं, त्यातल्या सगळ्यांसह. योसारियनने शूरपणाच केला होता, म्हणजे एरवी ज्या गोष्टीची तो टिंगल करतो तीच गोष्ट. आणि त्यामुळे पोरं मेली. वरच्यांना कळत नाही की याला शिक्षा करायची की काय. दुसऱ्यांदा का फिरलास असं जाहीर विचारावं तर स्वतःचीच लाज जाते. तेव्हा कॉर्नला सुचतं की ज्याची लाज वाटायला हवी त्याचाच अभिमान मिरवावा. पदक द्या, बढती द्या. यालाच मराठीत पांघरूण घालणं म्हणतात.

स्नोडेनच्या मरणात योसारियनचा दोष नाही. तो त्याला वाचवायला गेला होता. क्राफ्टच्या मरणात त्याचा हात आहे. पण ज्याची आठवण त्याला 41 प्रकरणं सोडत नाही तो स्नोडेन. क्राफ्टबद्दल तो बोलतो, त्याला वाईटही वाटतं, पण क्राफ्ट स्वप्नात येत नाही, क्राफ्टसाठी तो झाडावर चढत नाही. आपण कुणाची आठवण काढतो आणि कुणाची आठवण काढल्यामुळे कुणाला विसरायची सोय होते, हा प्रश्न मला या वाचनात पहिल्यांदा पडला. मी त्या मुलाबद्दल बोलताना नेहमी सांगते की तो डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना वाटायचा. फुग्यांच्या मेलबद्दल हे पहिल्यांदाच लिहितेय.

मग वाटलं, हेलरला हे दिसलं नसेल का? पुस्तक पुन्हा उलटून पाहिलं. पदक देण्याचा समारंभ होतो तेव्हा जनरल ड्रीडल रांगेतून येतो आणि बघतो तर योसारियन नागडा उभा. का, तर स्नोडेनच्या रक्ताने गणवेश भिजलाय आणि आता तो गणवेश घालायचाच नाही असं त्याने ठरवलंय. ही झाली सगळ्यांना माहीत असलेली, हसवणारी अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी अशी की त्याला मिळणारं पदक आव्हिन्याँचं नाही. ते फेराराचं आहे. म्हणजे एका पोराच्या रक्तामुळे कपडे उतरवलेल्या माणसाला दुसऱ्या पोराच्या मरणाचं पदक दिलं जातंय, आणि ते टाचायला त्याच्या अंगावर कापडच नाही. दोन्ही मरणं एकाच उघड्या अंगावर आणून हेलर गप्प बसतो. एरवी तीनतीनदा विनोद समजावून सांगणारा हा लेखक इथे एक शब्द बोलत नाही. त्या समारंभाची ही बाजू मला तरी दुसऱ्या वाचनापर्यंत दिसली नव्हती.

तरीही माझ्या दोन तक्रारी शिल्लक राहतात.

पहिली ही की स्नोडेन कोण होता हे कादंबरी जवळजवळ सांगतच नाही. क्राफ्टला निदान पेनसिल्व्हेनिया मिळालं. स्नोडेनचं गाव कुठलं, घरी कोण, युद्धाआधी काय करायचा, काही नाही. आपल्याला त्याचं मरण मिनिटामिनिटाने पाठ होतं, पण पोरगा अनोळखीच राहतो. लंडनच्या पश्चिमेला रनीमीड इथे 1953 साली उभारलेलं हवाई दलाचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यांचं थडगंही सापडलं नाही अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावं तिथे दगडात कोरलीत. तिथे नाव आहे आणि देह नाही. स्नोडेनचं बरोबर उलटं, त्याचा आपल्यापाशी देहच तेवढा आहे. रॅन्डल जॅरेलची बॉल टरेट गनरवरची 1945 सालची पाच ओळींची प्रसिद्ध कविता आठवते. बॉम्बर विमानाच्या पोटाखाली काचेचा एक गोळा असे, त्यात बुटका गनर अंग मुडपून, बंदुकांसोबत फिरत बसे. जॅरेल स्वतः लढाईवर गेला नाही. ॲरिझोनातल्या तळावर तो वैमानिकांना ताऱ्यांवरून दिशा काढायचं शिकवायचा, आणि त्याने शिकवलेली पोरं जात होती. त्याने कवितेला टीप जोडली की त्या गोळ्यात आखडून बसलेला माणूस आईच्या पोटातल्या गर्भासारखा दिसे. त्या कवितेतही गनरला नाव नाही. पण तिथे तो स्वतः बोलतो, मेल्यानंतर बोलतो, आणि त्याच्या बोलण्यात आई आहे. शेवटी त्याचं काय उरलं ते धुऊन टाकल्याचंही तोच सांगतो. पाच ओळींत आई मावली, मग पाचशे पानांत का नाही मावली?

याचं एक उत्तर असं देता येईल की योसारियनलाच स्नोडेन माहीत नव्हता. ऑफिसर पुढे, गनर मागे, मध्ये तो अरुंद बोगदा. मरताना पहिल्यांदा तो त्याच्या इतक्या जवळ गेला. हे खरं असेल तर ती तक्रार राहत नाही, उलट दुखणं वाढतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. विमानात स्नोडेन मरत होता तेव्हा खाली आव्हिन्याँ होतं. तिथे माणसं होती. कादंबरी तिकडे फारसं बघत नाही. एकदा बघते: डोंगरातल्या एका बेसावध इटालियन खेड्यावर, रस्ता अडावा आणि फोटोत बॉम्बची नक्षी नीट दिसावी म्हणून, बॉम्ब टाकायचे ठरतं. डनबार भडकतो, ते लोक तर विमानं बघून हात हलवतील म्हणतो, आणि आपले बॉम्ब गावाच्या पलीकडे टाकून देतो. ते प्रकरण अस्वस्थ करतं. पण एकदाच. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे सुमारे 1,25,000 विमानकर्मी होते, त्यातले 55,573 मेले, आणि त्यांतल्या बहुतेकांचं वय आज पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलांएवढं होतं. हा आकडा ऐकून गलबलतं. त्याच पोरांच्या विमानांनी जुलै 1943 च्या अखेरीस हॅम्बुर्गमध्ये जी आग लावली तिच्यात तीसेक हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातही पोरंच होती. दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हणायला जीभ रेटत नाही, आणि लंडनमध्ये या विमानकर्मींचं स्मारक उभं राहायला 2012 साल उजाडलं त्याचं एक कारण ही अडखळही असणार.

हे एका श्वासात म्हणायचा प्रयत्न लेन डेटनने 'बॉम्बर' या कादंबरीत केला, 1970 साली. एका हल्ल्याचे चोवीस तास. वर लँकेस्टर विमानातली पोरं, खाली एका छोट्या जर्मन गावातली माणसं, मध्ये रडार चालवणारे आणि रात्रीचे जर्मन वैमानिक. खुणेचे दिवे भलत्या जागी पडतात आणि ज्या गावाचा कशाशी संबंध नाही ते गाव जळतं. तारीख दिलीय 31 जून 1943. जूनला 31 तारीख नसते हे लक्षात यायला मला अर्धं पुस्तक लागलं. (आमच्या धंद्यातल्यांना आवडेल अशी गोष्ट: वर्ड प्रोसेसरवर लिहिलेली ही पहिली कादंबरी मानतात. आयबीएमचं ते धूड डेटनच्या घरात खिडकी काढून क्रेनने घ्यावं लागलं होतं.) डेटन सगळ्यांना नाव देतो, गाव देतो, जेवायला काय होतं ते देतो. हेलरकडे जे नाही ते सगळं तिथे आहे. आणि तरी 'बॉम्बर' मधल्या कुठल्याही मेलेल्या पोराचं नाव मला आज न बघता सांगता येत नाही. स्नोडेनचं येतं.

त्यामुळे मी परत त्या एक्केचाळिसाव्या प्रकरणाकडे जाते. तिथे शेवटी करण्यासारखं काही उरत नाही. पट्टी बांधून झालीय, ती चुकीच्या जागी आहे. औषध विकलं गेलंय. मागच्या बाजूला दुसरा एक गनर शुद्धीवर येतो, स्नोडेनकडे बघतो आणि पुन्हा बेशुद्ध पडतो. विमान पंधरा वर्षांचा हपल चालवतोय. स्नोडेन अजून म्हणतोय, थंडी वाजतेय. योसारियन स्नोडेनच्याच पॅराशूटची दोरी ओढतो. पांढरं नायलॉन विमानाच्या आत भसकन उघडतं, आणि तो ते त्याच्या अंगावर घालतो.